मरीयेचं बाळंतपण कुणी केलं?

सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की आधी मोरी कुठे आहे ते विचारायच्या. कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या, दोन्ही हात वर धरून निथळू द्यायच्या, टॉवेल पुढे केला तर नको म्हणायच्या आणि मगच चहाच्या कपाला हात लावायच्या. सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. नोकरी सुटली तरी हात धुणं सुटलं नाही, आणि छातीवर उलटं टाचलेलं घड्याळही सुटलं नाही. निळ्या काठाची पांढरी साडी, त्यावर ते घड्याळ, पायात पुरुषी सँडल आणि खांद्याला रेक्झिनची काळी बॅग. त्या बॅगेत मी स्वतः पाहिलेल्या वस्तू म्हणजे कात्री, पांढरा दोरा, टॉर्च, बायबल आणि शेंगदाण्याचे लाडू. बाकी काय असायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अंबाजोगाईतल्या निम्म्या माणसांना त्या नावानं ओळखत नसत. कोण कसा जन्मला, त्यावरून ओळखत. बाजारात कापडाचं दुकान असलेले अप्पा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून गल्ल्यावर बसलेले, समोर गिऱ्हाइकं, आणि सिस्टर दारातूनच म्हणणार, "अप्पा, तुझं डोकं लई मोठं होतं रे. आईचे हाल केलेस. तिला बरी साडी नेत जा." अप्पा पन्नाशीला आलेले. ते मान खाली घालून "व्हय सिस्टर" म्हणत.

मी पायाकडून जन्मलो, म्हणून मला त्या पायाळूच म्हणत. आमच्या गल्लीत कुणाच्या पाठीत उसण भरली की ते माणूस माझी लाथ मारून घ्यायला यायचं; पायाळूच्या लाथेनं उसण जाते असं लोक मानतात. सिस्टर समोर असल्या की त्या माणसाची खैर नसे. "ह्याच्या आईनं आख्खा दिवस आन् रात काढली, आन् तू ह्याच्या लाथा खायला आलास? त्या माउलीच्या पाया पड की!" माझी आई हे ऐकून पदर तोंडाला लावून हसायची. आम्ही बौद्ध, त्या ख्रिस्ती, पण आईच्या लेखी सिस्टर म्हणजे तिच्या माहेरचंच माणूस.

अंबाजोगाईत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, वास्तुशांती, शाळेचं स्नेहसंमेलन, जे येईल ते मी शूट करतो. एकदा पोळा झाल्यावर सिस्टर स्टुडिओत आल्या, मागच्या नळावर हात धुतले आणि स्टुलावर बसल्या. पाठ टेकायची खुर्ची त्यांना चालत नसे.

"पायाळू, पिच्चर काढायचाय. नाताळाचा."

दरवर्षी चर्चमध्ये पोरांचं नाटक व्हायचं. कापसाचा बर्फ, चमकीचा तारा, पावडर लावून निळ्या साटीनमध्ये बसवलेली मरीया आणि तिच्या मांडीवर डोळे मिटणारी बाहुली. त्या वर्षी तरुण मंडळींनी ठरवलं की नाटकाऐवजी छोटा चित्रपट करू, मोठ्या पडद्यावर दाखवू. चर्चच्या पाळकसाहेबांनी ते काम सिस्टरवर सोपवलं, कारण रविवारच्या शाळेत मुलांना गोष्टी त्याच सांगायच्या. पाळकसाहेबांना वाटलं, म्हातारी एखादं गाणं घालेल, आशीर्वाद घालेल, संपेल. पुढे ते मला म्हणाले, "मी त्यांना ओळखत होतो असं मला वाटत होतं."

सिस्टरनी बॅगेतून कागद काढले. दवाखान्यातल्या जुन्या केसपेपरांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी चित्रपट लिहून आणला होता. लिहून म्हणजे भरून आणला होता. वर लिहिलं होतं, रुग्णाचं नाव मरीया. वय सोळा-सतरा असावं. पहिलटकरीण. चार-पाच दिवसांचा प्रवास, पायी आणि गाढवावर. पाय सुजलेले असणार. सोबत नवरा, त्याला काही कळत नाही. तक्रार: जागा मिळाली नाही.

आणि खाली लाल पेन्सिलीनं, दोनदा अधोरेखित केलेलं: बाळंतपण कुणी केलं?

"ही कथा मला पाठ हाय," त्या म्हणाल्या. "ल्हानपणापासून ऐकते. तारा हाय, मेंढपाळ हायेत, देवदूत हायेत, उंटावरचे शहाणे हायेत. सगळे बाळ झाल्यावर आले. झालं कसं, ते कुणी बोलतच न्हाई. शास्त्रात लिहिलंय, तिनं पोराला बाळंत्यात गुंडाळलं. तिनं! आत्ता बाळंत झालेली पोर सोता उठून गुंडाळती का? तिथं दुसरं कुणी असतं तर तिला उठू दिलं असतं का?"

मी आपला म्हणालो, "सिस्टर, माझ्याकडं ड्रोन हाय. बेथलेहेम वरून दाखवू. लई भारी दिसंल."

"वरून देव बघतो. त्याला तुझा ड्रोन लागत न्हाई. तू बाईच्या उंचीवरून दाखव."

मग त्या वडवणीच्या आठवडी बाजारात जायला लागल्या. भाजी घ्यायला नाही, मरीया शोधायला. चर्चमधल्या मुलींना त्यांनी आधीच नापास केलं होतं. पोटाला उशी बांधलेली बाई चालताना त्यांना लगेच कळायची आणि म्हणून त्यांना खरोखरची गरोदर बाईच हवी होती. चर्चमधल्या घरांनी नाही म्हटलं. गरोदर सुनेला असं कॅमेऱ्यापुढे कोण पाठवणार? वडवणीत मिरच्यांच्या ढिगापाशी त्यांना रेखा दिसली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात पिशवी, चेहरा उन्हानं रापलेला. सहावा महिना. सोबत नवरा बाळू. दोघं ऊसतोडीला जाणारी. सिस्टरनी तिथंच तिची नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि म्हणाल्या, "रक्त कमी हाय. लाडू घे. आन् दोघं माझ्या पिच्चरमधी काम करा. तू मरीया, हा योसेफ."

रेखा हसली. "मला काय येतंय?"

"चालता येतं ना? दमल्यावर बसता येतं ना? बास."

चर्चच्या कमिटीत कुरबुर सुरू झाली. कमिटीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारलं, कॅमेरावाला बौद्ध, गोठा लिंगायताचा, मरीया-योसेफ हिंदू, मग या चित्रपटात ख्रिस्ती कोण आहे? गोठा अप्पांचा ठरला होता, हे खरं होतं. सिस्टर म्हणाल्या, "त्या दिशी बेथलेहेमात तरी कोण ख्रिस्ती होतं?" यावर त्या गृहस्थांनी चष्मा पुसायला घेतला.

पाळकसाहेबांची अडचण वेगळी होती. "सिस्टर, सुईण घालू नका. शास्त्रात नाही ते आपल्याला दाखवता येणार नाही."

"मी कुठं सुईण घालते? मी इचारते."

"त्याचा उल्लेख नाही, म्हणजे ते महत्त्वाचं नसावं."

"तुमाला नसंल," सिस्टर म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

प्रवासाची दृश्यं आम्ही दसऱ्यानंतर मांजरसुंब्याच्या रस्त्यावर केली. गाढव मिळालं, पण ते हायवेला बिचकायचं, म्हणून रेखा चालली आणि गाढवही चाललं. उतारशाळेच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, मालकाच्या कामाला तिथल्याच एका ढाबेवाल्याला घेतलं होतं. आडदांड माणूस, पिळदार मिशा, आवाज असा की ट्रकवाले दचकावेत. त्याला एवढंच म्हणायचं होतं, "जागा न्हाई. पुढं जा."

पहिल्यांदा त्यानं ते म्हटलं. रेखानं कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं पाहिलं. तो लगेच म्हणाला, "पर बस ना बाई जरा. पाणी पी."

"कट!" मी ओरडलो.

दुसऱ्यांदा तो "जागा" म्हणाला आणि थांबला. तिसऱ्यांदा त्यानं स्वतः खुर्ची आणून दिली. पाचव्यांदा आतून त्याची बायकोच ताट घेऊन आली. सिस्टर खवळल्या. "अरे, तुला न्हाई म्हणता येत न्हाई का?"

तो रडकुंडीला आला. "सिस्टर, पोटुशी बाई दारात उभी हाय. कसं म्हणू? आमच्या आईनं शिकवलं न्हाई."

सिस्टरनी त्याला पाठ वळवून उभं केलं, तोंड भट्टीकडे, आणि सांगितलं की तिच्याकडे न बघता म्हण. त्यानं भट्टीकडे बघत म्हटलं, "जागा न्हाई." त्याचा आवाज फुटला. तोच शॉट आम्ही ठेवला. ते दृश्य ज्यांनी ज्यांनी पाहिलं, त्यांनी मला विचारलंय की हा नट कुठला. मी सांगतो, आपल्या बीड जिल्ह्याचा आहे.

जाताना सिस्टर त्याला म्हणाल्या, "तू बेथलेहेमात असतास तर ही गोष्टच घडली नसती." त्यानं आम्हां सगळ्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

राहिलं होतं फक्त गोठ्यातलं दृश्य. आणि त्याच आठवड्यात बाळूचा फोन आला. ऊसतोडीच्या मुकादमानं गाडी लवकर लावली. टोळी निघाली. मी फोन सिस्टरकडे दिला तेव्हा मागून ट्रकचा आवाज येत होता.

सगळ्यांनी सांगितलं, दुसरी बाई घ्या. अंधार दाखवा, पदर पुढे ओढा, चेहरा कुणाला दिसतोय? मीही तेच म्हणालो. सिस्टर स्टुलावर ताठ बसल्या होत्या.

"केस मधेच सोडायची नसती, पायाळू. ज्या बाईला हाती घेतलं तिचंच बाळंतपण करायचं असतं."

डिसेंबर लागला तेव्हा आम्ही टोळीचा पत्ता काढला. जिल्ह्याबाहेर, एका साखर कारखान्याच्या पल्याड, उघड्या माळावर पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या होत्या. भल्या पहाटे अप्पांनी आपली जीप काढली. मी कॅमेरा घेतला. सिस्टर पुढे बसल्या. आणि मागे, पांढरा शुभ्र शर्ट घालून, पाळकसाहेब. शास्त्राबाहेरचं काही चित्रित होऊ नये म्हणून कमिटीनं त्यांना सोबत पाठवलं होतं.

आम्ही पोचलो तर कोप्यांत म्हातारी माणसं आणि लेकरं. रेखा फडात. सिस्टर बांधावरून ताडताड चालत फडात गेल्या. मी मागं पळालो. समोरून रेखा येत होती, डोक्यावर उसाची मोळी, आठवा महिना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून ती वर चढली, मोळी टाकली आणि पाय चाचपत खाली उतरली. सिस्टरना बघून तिचा चेहरा उजळला. सिस्टरचा मात्र पांढरा पडला होता. वॉर्डात कितीतरी वाईट प्रसंग बघितलेली ती बाई रेखाची वाट अडवून उभी राहिली.

"कावून ग? कावून उचलतीस?"

"मग कोण उचलंल, सिस्टर? नवरा तोडतो, बायकू वाहती. मुकादमाच्या हिशेबात दोघांचा मिळून एक कोयता असतो."

मुकादम आला. तरणा माणूस, कानाला मोबाईल. सिस्टरनी एक दिवस मागितला. तो म्हणाला, "आजी, मला अडचण न्हाई. पर गाडी भरायची हाय. ह्या दोघांचं काम कोण करणार?"

"आमी करतो."

मुकादमानं आमच्याकडं पाहिलं. सत्तरी ओलांडलेली एक म्हातारी, भस्म लावलेला एक कापडवाला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला मी आणि पांढऱ्या शर्टातले पाळकसाहेब. तो हसायला लागला. टोळीतले इतर मात्र हसले नाहीत. एक जण म्हणाला, "बाळूचं तोडायचं आमी तोडतो वाटून. ह्यांना नुसतं बांधायचं आन् व्हायचं सांगा."

सिस्टर रेखाला बाजेवर झोपवून आल्या आणि पाळकसाहेबांना म्हणाल्या, "बाह्या वर करा."

ती सकाळ मी विसरणार नाही. उसाची पानं हाताला ब्लेडसारखी लागतात. मानेवर उसाची बारीक कूस बसते, घाम आला की आग होते. सिस्टर खाली बसून मोळ्या बांधत होत्या, वाढ्याला, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याला, पीळ देऊन अशी गाठ मारत होत्या की त्यांची एक मोळी सुटली नाही. टोळीतल्या बायकांनी विचारलं, "आजी, कुठं शिकल्या?" त्या म्हणाल्या, "नाळ बांधून." अप्पा दोन मोळ्यांत धापा टाकायला लागले, पण थांबले नाहीत. पाळकसाहेब पहिल्या मोळीला फळीवर घसरले. उठले, शर्ट झटकला, पुन्हा मोळी उचलली. चौथ्या-पाचव्या खेपेला मी त्यांना फळीच्या मध्यावर थांबलेलं पाहिलं. ते रेखा झोपली होती त्या कोपीकडे बघत होते. मग वर गेले.

दोन वाजता ट्रॉली भरली. मुकादम म्हणाला, "घ्या तुमचा पिच्चर," आणि स्वतः बाजूला येऊन उभा राहिला.

मी विचारलं, "सिस्टर, आता हिला अप्पांच्या गोठ्यात न्यायला वेळ कुठाय?"

"कशाला न्यायचं?" त्या म्हणाल्या. "बघ की."

समोर बैल बांधलेले होते. त्यांच्या पुढ्यात दगड रचून केलेली गव्हाण होती, तिच्यात हिरवंगार वाढं. मागं कोपी. मी कॅमेरा लावला. ऊन आत येऊ नये म्हणून अप्पांनी कोपीवरून गव्हाणीपर्यंत ताडपत्री ताणली आणि दुपारीच आम्हाला हवी तेवढी रात्र झाली. एक कंदील पेटवला.

सिस्टर रेखाच्या उशाशी बसून सांगत होत्या. "रडू नको. मोठ्यानं ओरडू नको. परकं गाव हाय, लोकांना ऐकू जाईल म्हणून तू आवाज गिळती. दात आवळ. त्याचा हात धर. बाळू, तू घाबर."

"मी घाबरलोच हाय," बाळू म्हणाला.

रेखानं दात आवळले आणि कण्हली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिचा आवाज खरोखरीच्या बाळंतिणीसारखा आला. आणि तेव्हा ते झालं, जे कुणीच सांगितलं नव्हतं.

बाहेर उभ्या असलेल्या टोळीतल्या बायका पुढे आल्या. एकीनं खांद्यावरचं लुगडं काढून पसरलं. दुसरीनं दोरीवरची साडी ओढली. तिसरीनं आपला पदर धरला. बघता बघता कोपीच्या तोंडाशी सहा-सात जणींनी साड्यांचा पडदा धरला. सगळ्यांच्या पाठी आमच्याकडं. आम्हां पुरुषांना एकीनं मान वळवून सांगितलं, "सरका तिकडं." आतून एक म्हातारी हळू आवाजात म्हणत होती, "झालं ग बाई, झालं, आता थोडं."

मला कॅमेऱ्यात फक्त साड्या दिसत होत्या. फिकटलेल्या, मातीनं माखलेल्या, कंदिलाचा उजेड मागून झिरपत असलेल्या. मी कट म्हणायला तोंड उघडलं. सिस्टर कोपीतून बाहेर येऊन माझ्याशेजारी उभ्या होत्या; त्यांनी माझं मनगट धरलं.

"चालू ठेव."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. बाळ द्यायची वेळ आली तेव्हा त्या बॅगेत बाहुली शोधायला लागल्या, तेवढ्यात पडद्याआडून एक बाई आपलं महिन्याचं लेकरू घेऊन पुढे झाली. "हे घ्या. हे इथंच झालंय, ह्याच बैलांच्या शेजारी." पडदा खाली आला आणि तिनं ते रेखाच्या हाती दिलं. रेखानं ते जुन्या लुगड्यात गुंडाळलं, गव्हाणीतल्या वाढ्यावर ठेवलं. बैलानं मान फिरवून पाहिलं. त्या सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या. त्यांना कुणी अभिनय शिकवला नव्हता.

पाळकसाहेब माझ्या मागं उभे होते. हलकेच म्हणाले, "मुलगी आहे ती, सिस्टर."

"गुंडाळल्यावर कुणाला कळतंय?" सिस्टर म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसून त्यांच्याकडं वळल्या. "आता सांगा. त्या दिशी बेथलेहेमात शिरगणतीला आख्खा मुलूख आलता. तिथं अशा चार बाया नसतील? त्या पडद्याआड होत्या. लिहिणारा बाहेर उभा होता."

परतीच्या वाटेवर पाळकसाहेब सगळा वेळ आपल्या तळहातांकडं बघत होते.

नाताळाच्या आधी कमिटीनं चित्रपट पाहिला. बावीस मिनिटांचा झाला होता. शेवटी नावं होती आणि त्यात सिस्टरनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली होती: मरीयेचं बाळंतपण. तिच्याखाली टोळीतल्या त्या सगळ्या बायकांची नावं. चष्मा पुसणारे गृहस्थ म्हणाले, हे शास्त्रात नाही. दुसरे म्हणाले, मरीया कण्हते ते लहान मुलांना कसं दाखवायचं? तिसरे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू, या वर्षी नाटकच करू. सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या. मला वाटलं आता त्या कडाडतील. पण त्या पाळकसाहेबांकडं बघत होत्या.

पाळकसाहेब उठले. त्यांच्या बोटांवरचे ओरखडे अजून भरले नव्हते. "मी तिथं होतो," ते म्हणाले. "माझी पाठ अजून दुखतेय. चित्रपट दाखवायचा, आणि नावांसकट दाखवायचा. कुणाला हरकत असेल त्यानं मला सांगावं, मी त्याला एक दिवस फडावर घेऊन जातो."

कुणी हरकत घेतली नाही.

नाताळाला चर्चच्या पडद्यावर चित्रपट लागला. माझी आई पहिल्या रांगेत बसली होती. ढाबेवाला बायकापोरांसह आला होता आणि स्वतःचा शॉट आल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले. साड्यांचा पडदा आला तेव्हा आई पुढे सरकून बसली. मी आजवर किती लग्नं शूट केली असतील, पण आपण काहीतरी केलं असं मला त्या दिवशी वाटलं. आजही माझ्या स्टुडिओत शिरलं की समोर त्याच दृश्याचा फोटो दिसतो. नवऱ्या-नवरीचे फोटो मी बाजूच्या भिंतीवर लावतो.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, आम्ही कोप्यांवर पोचलो. टोळी फडातून नुकतीच परतली होती. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये अप्पांच्या दुकानातलं कोरं मांजरपाट ताणून बांधलं. रेखानं स्वतःला पाहिलं आणि तोंड झाकून घेतलं. नावं आली तेव्हा बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं, म्हणून सिस्टर पडद्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि हजेरी घ्यावी तशी एकेक नाव मोठ्यानं वाचू लागल्या. नाव आलं की ती बाई अंधारातून ओ द्यायची. मुकादम माझ्या शेजारी होता. तो म्हणाला, "माझ्या आईचं बी असंच फडात झालं होतं. माझं." दुसऱ्या दिवसापासून त्यानं रेखाला मोळी उचलू दिली नाही. टोळीनं तिच्या वाटची वाहिली.

जायच्या आधी सिस्टरनी बाळूला समोर उभं केलं आणि तारीख पाठ करून घेतली. "ह्या तारखेच्या आधी दोन आठवडे अंबाजोगाईला. माझ्या घरी. न्हाई आलास तर मी येते."

जानेवारीत ते आले. एसटीतून उतरले, एक गाठोडं, एक डबा. रेखा सिस्टरच्या घरी राहिली. सिस्टर तिला पालक, गूळ, शेंगदाणे खाऊ घालायच्या, सकाळ-संध्याकाळ अंगणात चालवायच्या. एका सकाळी तिच्या पोटात कळ आली. सिस्टरनी उलटं घड्याळ पाहिलं, कळांमधली मिनिटं मोजली आणि मला फोन केला. मी गाडी काढली.

वॉर्डाच्या दारात मात्र सिस्टरना थांबावं लागलं. निवृत्त माणसाला आत सोडत नाहीत. ज्या खोलीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, तिच्या बाहेरच्या बाकावर त्या पहिल्यांदाच नातेवाइकांसारख्या बसल्या. तिथल्या तिघी नर्सेस त्यांनीच शिकवलेल्या, तरी त्यांनी कुणाला गळ घातली नाही. त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. त्या उठायच्या, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायच्या, हात वर धरून परत यायच्या आणि बाकावर बसायच्या. असं त्यांनी किती वेळा केलं असेल. बाळू भिंतीला टेकून उभा होता. पाळकसाहेब आले, अप्पा दुकान बंद करून आले.

दुपारी दार उघडलं. एक नर्स बाहेर आली, तिच्या हातात पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं बाळ. ती बाळूकडे गेली नाही. आधी सिस्टरकडे आली.

"सिस्टर, मुलगी. दोघी चांगल्या हायेत."

"रडली का लगेच?"

"लगेच. आख्खा वॉर्ड उठवला."

सिस्टरनी बाळ घेतलं. बोटांची टोकं पाहिली, टाळू चाचपली, कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाल्या. मग ती पोर बाळूच्या हाती दिली. सिस्टर जाऊन आता दोन वर्षं होतील. डोळ्यांपुढे त्या येतात त्या अशाच, ओल्या हातांनी, मान ताठ, आपण सगळ्यांनी मिळून केलेलं काम तपासून घेतलेल्या.

बाळू पोरीला छातीशी धरून जागच्या जागी उभा राहिला. मग पाळकसाहेबांनी आणलेला पेढ्यांचा पुडा त्यानं दुसऱ्या हातात घेतला आणि व्हरांड्यातून निघाला. बाकावरच्या म्हाताऱ्या, सलाईनची बाटली धरून उभे असलेले लोक, शिपाई, डॉक्टर, जो भेटेल त्याच्या पुढे पुडा धरून तो हसत, रडत, सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगत सुटला,

"घ्या, पेढा घ्या! मरीयेला मुलगी झाली!"